पाळीव कुत्र्याने माणसाचे औषध गिळल्यास
(इयत्ता पाचवी ते सातवीसाठी आरोग्यपाठ व शिक्षकांसाठी टिपणे)

पाठाचे प्रयोजन

खेड्यातील घरात कुत्रा हा राखणदार असतो, गुराख्याचा सोबती असतो आणि मुलांचा तर तो सवंगडीच असतो. ज्या ओसरीवर घरची माणसे जेवतात, बसतात, औषधपाणी घेतात, त्याच ओसरीच्या पायरीशी कुत्रा पडलेला असतो. पूर्वी खेड्यातील घरात औषधे फारशी नसत. आज आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, आजीच्या मधुमेहाच्या गोळ्या, गरोदर सुनेच्या लोहाच्या गोळ्या आणि कोणास क्षयरोग झाला असल्यास त्याची महिन्याभराची औषधे, असा साठा बहुतेक घरांत आढळतो. तो ठेवण्यास मात्र स्वतंत्र जागा क्वचितच असते. खुंटीवरची पिशवी, खिडकीची कड, उशाखालची जागा ही औषधांची नेहमीची ठिकाणे होत.

गोळ्यांवर पुष्कळदा साखरेचे आवरण असते. पातळ औषधे गोड व सुवासिक असतात. कुत्रा अन्न चावून, चाखून खात नाही. ते तो गिळतो. यास्तव कडू गोळीही त्याच्या पोटात सहज जाते, आणि एकीच्या ठिकाणी संपूर्ण पट्टी फस्त होऊ शकते. अशी घटना घडली म्हणजे घरात धावपळ उडते. कोणी मिठाचे पाणी पाजतो, कोणी ताक ओततो, कोणी ‘काही होत नाही’ म्हणून स्वस्थ बसतो. बहुधा पहिली बातमी मुलांनाच असते; कारण कुत्र्याजवळ तीच असतात. म्हणून या प्रसंगी काय करावे आणि काय करू नये याचे निश्चित ज्ञान मुलांस असणे इष्ट आहे. त्यातून कुत्र्याचे प्राण तर वाचतीलच. शिवाय घरातील रांगणाऱ्या भावंडाचेही रक्षण होईल. कुत्र्याच्या तोंडी जाणारी गोळी त्या भावंडाच्या हातीही लागू शकते, हे शिक्षकांनी पाठभर ध्यानात ठेवावे.

शिक्षकांसाठी पूर्वमाहिती

*१. औषध आणि मात्रा.* औषध हे योग्य मात्रेत औषध असते. मात्रा ओलांडली की तेच विष होते. मात्रा शरीराच्या वजनावर अवलंबून असते. साठ किलो वजनाच्या माणसासाठी तयार केलेली गोळी तीन किलोच्या पिलाच्या पोटात गेली, तर वजनाच्या हिशेबाने ते पिलू माणसाच्या वीसपट औषध घेते.

*२. प्राणी आणि प्राणी यांतील भेद.* केवळ वजनाचा हिशेब पुरेसा नाही. पोटात गेलेले औषध यकृतात रूपांतरित होऊन शरीराबाहेर टाकले जाते. हे कार्य प्रत्येक प्राण्याचे यकृत सारख्याच रीतीने करीत नाही. मनुष्याच्या यकृतात एक प्रक्रिया अशी आहे की, जिच्यामुळे क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषध निकामी होते. कुत्र्याच्या शरीरात ती प्रक्रिया जवळजवळ नाहीच. त्यामुळे रुग्णास जीवदान देणारे हे औषध कुत्र्यास अत्यंत घातक ठरते. मांजराच्या बाबतीत पॅरासिटामॉलचे असेच आहे. ते निकामी करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच अल्प असल्यामुळे तापाची एकच गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. ‘कुत्र्यामांजराला ताप आला, आपलीच अर्धी गोळी द्यावी’ असा समज गावोगाव आढळतो. तो या पाठाच्या निमित्ताने दूर करावा.

*३. गावातील घरांत सामान्यतः आढळणारी औषधे.*

(अ) लोहाच्या गोळ्या. या गोळ्या शाळेतून व आरोग्य केंद्रातून वाटल्या जातात. म्हणून शिक्षकांचा त्यांच्याशी प्रत्यक्ष संबंध येतो. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या गुलाबी गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह असते. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी असलेल्या निळ्या गोळीत व गरोदर स्त्रियांसाठी असलेल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. कुत्र्याच्या दर किलो वजनास २० मिलिग्रॅमपर्यंत लोह पोटात गेल्यास सहसा अपाय होत नाही. २० ते ६० मिलिग्रॅमपर्यंत वांती व जुलाब होतात. ६० मिलिग्रॅमच्या पुढे गंभीर विषबाधा होते आणि १०० च्या पुढे प्राणावर बेतू शकते. या विषबाधेत एक फसवा भाग आहे. प्रथम काही तास वांत्या व रक्तमिश्रित जुलाब होतात, नंतर सुमारे सहा ते चोवीस तासांच्या अवधीत प्राणी बरा झाल्यासारखा दिसतो, आणि त्यानंतर यकृत बिघडून तो एकाएकी ढासळतो. ‘आता उठून बसला, दवाखान्यात कशाला न्यायचा?’ असे म्हणण्याची वेळ नेमकी याच मधल्या काळात येते.

(आ) पॅरासिटामॉल. दर किलो वजनास सुमारे १०० मिलिग्रॅमच्या पुढे कुत्र्याच्या यकृतास इजा होते. मात्रा याहूनही मोठी असल्यास रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. हिरड्या तांबूस-गुलाबी न राहता मातकट किंवा निळसर दिसतात, लघवी गडद होते, तोंडावर व पंजांवर सूज येते.

(इ) अंगदुखीच्या गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक इत्यादी. आयबुप्रोफेनच्या बाबतीत दर किलो वजनास सुमारे २५ मिलिग्रॅमपासून जठरास व्रण पडण्याचा संभव असतो व अधिक मात्रेत मूत्रपिंडे निकामी होतात. चारशे मिलिग्रॅमची एकच गोळी दहा किलोच्या कुत्र्यास किती होते, हा हिशेब शिक्षकांनी स्वतः करून पाहावा.

(ई) क्षयरोगावरील गोळ्या. एकत्रित गोळीत इतर औषधांबरोबर ७५ मिलिग्रॅम आयसोनियाझिड असते. दर किलो वजनास ५० मिलिग्रॅमच्या आसपासची मात्रा कुत्र्याचा प्राण घेण्यास पुरेशी असते. अर्ध्या तासापासून एकदोन तासांत लाळ गळणे, झोकांड्या जाणे व जोराचे झटके येणे ही लक्षणे दिसतात. ब-६ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन हा यावरचा उतारा आहे. परंतु तो पशुवैद्यकाच्या हातूनच आणि वेळेवर मिळाला पाहिजे. येथे विलंबास अजिबात जागा नाही.

(उ) मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी रक्तातील साखर एकाएकी उतरते. प्राणी मलूल होतो, लटपटतो, त्यास झटके येतात. रक्तदाबाच्या गोळ्यांनी नाडी व शक्ती मंदावते आणि लक्षणे पुष्कळदा उशिरा दिसतात. साखररहित म्हणून विकल्या जाणाऱ्या काही औषधांत व चघळण्याच्या गोळ्यांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. तो माणसास निरुपद्रवी असला, तरी कुत्र्याची रक्तशर्करा वेगाने उतरवतो.

वरील आकडे शिक्षकांस धोक्याची कल्पना यावी एवढ्यासाठी दिले आहेत. ‘हिशेबात बसते, म्हणून दवाखान्यात विचारावयास नको’ असा अर्थ त्यांतून कोणी काढू नये. आकडा लहान आला तरी विचारावे. मोठा आला तर धावावे.

घटना घडल्यावर करावयाची कामे

ही कामे याच क्रमाने मुलांकडून पाठ करून घ्यावीत.

पहिले काम : कुत्र्यास दूर करावे व उरलेल्या गोळ्या उचलाव्यात. जवळ दुसरा कुत्रा, मांजर किंवा कोंबड्या असल्यास त्यांनाही हाकलावे. कुत्र्याच्या तोंडात हात घालून गोळी काढण्याचा प्रयत्न मुलांनी कधीही करू नये. तोंडातला घास हिरावू पाहणाऱ्यास ओळखीचा कुत्राही चावतो.

दुसरे काम : ताबडतोब मोठ्या माणसास सांगावे. शेतावर जावे लागले तरी जावे, शेजाऱ्यास सांगावे, शाळेची वेळ असल्यास शिक्षकांस सांगावे.

तिसरे काम : पट्टी, बाटली किंवा डबी जपून ठेवावी. ती फाटली असल्यास तुकडे गोळा करावेत. औषधाचे नाव व मिलिग्रॅमचा आकडा त्यावर असतो. किती गोळ्या गेल्या हे मोजावे. उदाहरणार्थ, पट्टी दहा गोळ्यांची, घरच्यांनी घेतलेल्या दोन, जमिनीवर सापडलेल्या चार; तेव्हा पोटात गेलेल्या अधिकांत अधिक चार. नक्की कळत नसेल तर मोठा आकडाच खरा धरावा.

चौथे काम : पशुवैद्यकास कळवावे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांचा दूरध्वनी क्रमांक घरात व शाळेत लिहिलेला असावा. पशुरुग्णांसाठी असलेल्या फिरत्या पथकांचा निःशुल्क क्रमांक १९६२ हा आहे. बोलताना पाच गोष्टी सांगाव्यात : कोणते औषध, किती मिलिग्रॅमच्या किती गोळ्या, किती वाजता, कुत्र्याचे वय व अंदाजे वजन, आता दिसणारी लक्षणे. या पाच गोष्टी सांगितल्या म्हणजे पशुवैद्यकाचा मौल्यवान वेळ वाचतो आणि कोणता उतारा बरोबर घ्यावा हे त्यांस आधीच ठरविता येते.

पाचवे काम : पशुवैद्यक सांगतील तेच व तेवढेच करावे. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. पोटातील औषध वांती करवून बाहेर काढणे हे पहिल्या एकदोन तासांतच विशेष उपयोगी पडते. औषध रक्तात उतरल्यावर तो मार्ग बंद होतो.

सहावे काम : दवाखान्यात नेताना कुत्र्यास कुशीवर निजवावे, डोके किंचित खाली ठेवावे, म्हणजे वांती झाल्यास ती श्वासनलिकेत जाणार नाही. अंगावर गोणपाट किंवा जुने कांबळे घालावे. वांती होत असताना किंवा श्वास लागला असताना तोंड बांधू नये. पट्टी व वांतीचा थोडा अंश डबीत घालून बरोबर न्यावा. वांतीस उघडा हात लावू नये. प्लास्टिकची पिशवी हातावर चढवावी व नंतर साबणाने हात धुवावेत.

काय करू नये

१. मिठाचे पाणी पाजू नये. मिठाने वांती होतेच असे नाही. उलट शरीरातील क्षाराचे प्रमाण वाढून मेंदूस इजा होते व झटके येतात. औषधाने न मेलेला कुत्रा मिठाने मेल्याची शक्यता असते.

२. मोरचूद, साबणाचे पाणी, तेल, रॉकेल यांपैकी काहीही पाजू नये.

३. चिंचेचे पाणी पाजू नये. चिंचेत व द्राक्षांत असणारे टार्टारिक आम्ल कुत्र्याच्या मूत्रपिंडांस अपाय करते असे अलीकडच्या काळात पशुवैद्यकांच्या लक्षात आले आहे. गावात उतारा म्हणून चिंच सर्रास वापरली जाते, म्हणून हा मुद्दा विशेषत्वाने सांगावा.

४. दूध किंवा ताक हा उतारा नव्हे. बेशुद्ध किंवा गुंगीत असलेल्या प्राण्याच्या तोंडात कोणताही द्रव ओतल्यास तो फुप्फुसात जातो.

५. चुलीतला कोळसा कुटून घालू नये. दवाखान्यात वापरतात तो सक्रियित कोळसा निराळ्या रीतीने तयार केलेला असतो. आणि लोहाच्या गोळ्यांवर तर त्याचाही उपयोग होत नाही.

६. झटके येत असताना तोंडात चमचा, लाकूड किंवा बोट घालू नये. कांदा किंवा वहाण हुंगविण्याने काहीही साधत नाही. भोवतालचे दगड, खुर्ची, भांडी दूर करावीत, गोंगाट थांबवावा आणि किती वेळ झटके आले हे घड्याळात पाहावे.

७. ‘रात्रभर पाहू, उद्या नेऊ’ असे म्हणू नये.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. लाळ गळणे, लटपटणे व झटके ही लक्षणे पिसाळलेल्या कुत्र्यातही दिसतात. औषध खाताना प्रत्यक्ष पाहिले नसेल, किंवा कुत्रा अनोळखी असेल, तर मुलांनी त्याच्याजवळ मुळीच जाऊ नये. मोठ्या माणसास सांगावे. कुत्रा चावला किंवा त्याची लाळ जखमेस लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. कुत्रा घरचा आहे, हे लस टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

पाठाची मांडणी

*साहित्य :* गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या (भरलेल्या पट्ट्या वर्गात आणू नयेत), औषधाची रिकामी बाटली, वजनकाटा, फळा, रंगीत खडू.

*प्रस्तावना :* मुलांच्या अनुभवातून आरंभ करावा.

शिक्षक : तुमच्यापैकी कोणाकोणाच्या घरी कुत्रा आहे? तो कोठे निजतो?
(मुले उत्तरे देतात.)
शिक्षक : घरातील औषधे कोठे ठेवलेली असतात?
(पिशवीत, फळीवर, उशाशी, इत्यादी.)
शिक्षक : ताप आला असता डॉक्टर वडिलांस एक गोळी सांगतात, आणि तान्ह्या बाळास मात्र थेंब मोजून औषध सांगतात. असे का?
विद्यार्थी : बाळ लहान असते म्हणून.
शिक्षक : मग बाळापेक्षाही लहान असलेल्या कुत्र्याच्या पिलाने वडिलांची संपूर्ण पट्टी खाल्ली तर?

या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी लगेच देऊ नये. मुलांस विचार करू द्यावा व नंतर ‘आज आपण हेच शिकणार आहोत’ असे सांगून हेतुकथन करावे.

*विषयप्रतिपादन :* पूर्वमाहितीतील भाग मुलांच्या वयास झेपेल एवढाच सांगावा. औषधांची अवघड नावे पाठ करवू नयेत. पट्टीवरील ‘मि.ग्रॅ.’ हा आकडा मात्र प्रत्येक मुलास शोधता आला पाहिजे. रिकाम्या पट्ट्या गटागटांत वाटून तो शोधण्यास सांगावे. त्यानंतर सहा कामे एकेक करून फळ्यावर लिहावीत.

*तुलना :* ‘माणसास चालते ते प्राण्यास चालत नाही’ हे ठसविण्यास गिधाडांचे उदाहरण उत्तम आहे. डायक्लोफिनॅक हे औषध माणसे घेतात व पूर्वी ते गुरांनाही टोचले जाई. गुरांस त्याने आराम पडे. परंतु असे औषध दिलेले गुरू मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत. १९९० नंतरच्या काही वर्षांत आपल्या देशातील गिधाडांच्या तीन जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. याचे कारण संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केले व २००६ साली गुरांसाठी या औषधाच्या वापरास भारतात बंदी झाली. एकच औषध : माणसास गुणकारी, गाईस सोसणारे, गिधाडास मारक. गावातील वडीलधाऱ्यांस गिधाडे आठवत असतील. मुलांनी त्यांस विचारून यावे.

*नियम :* चर्चेअंती मुलांच्याच तोंडून पुढील नियम काढून घ्यावेत.
१. माणसाचे औषध प्राण्यास देऊ नये.
२. प्राण्याने ते खाल्ल्यास लपवू नये, थांबू नये, सांगावे.
३. पट्टी जपावी, गोळ्या मोजाव्यात, पशुवैद्यकास कळवावे.
४. स्वतःच्या मनाने काही पाजू नये.

गणिताशी समवाय

कुत्र्याचे वजन कसे करावे, हा प्रश्न मुलांस विचारावा. आरोग्य तपासणीसाठी शाळेत वजनकाटा असतो. मोठ्या माणसाने कुत्रा उचलून काट्यावर उभे राहावे, नंतर एकट्याने उभे राहावे व वजाबाकी करावी. वर्गात कुत्र्याऐवजी दप्तर घेऊन हा प्रयोग करता येईल. पुढील उदाहरणे सोडवून घ्यावीत.

१. लोहाच्या एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. १८ किलोच्या कुत्र्याने अशा ३ गोळ्या खाल्ल्या. दर किलोस किती लोह झाले? (१८० ÷ १८ = १० मि.ग्रॅ.)

२. तितक्याच गोळ्या ३ किलोच्या पिलाने खाल्ल्या. दर किलोस किती? (१८० ÷ ३ = ६० मि.ग्रॅ.)

गोळ्या त्याच, संख्या तीच. परंतु थोर कुत्र्यास सहसा न बाधणारी मात्रा पिलास गंभीर अपायाच्या सीमेवर नेते. हे उत्तर फळ्यावर शेजारी शेजारी लिहावे. वजनाचे महत्त्व मुलांस याहून अधिक समजावून सांगण्याची गरज राहत नाही.

३. १० किलोच्या कुत्र्याने ५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलच्या ३ गोळ्या खाल्ल्या. दर किलोस किती? (१,५०० ÷ १० = १५० मि.ग्रॅ.) ही मात्रा धोक्याची आहे काय?

मुलांच्या मनातील भीती

या पाठातील सर्वांत कठीण भाग ज्ञानाचा नसून वर्तनाचा आहे. औषधाची पिशवी मुलाच्याच हातून खाली राहिलेली असते. दप्तर काढताना ती पडली, किंवा खेळता खेळता त्यानेच कुत्र्यास गोळी टाकली. मग मार बसेल या भीतीने मूल गप्प बसते. पट्टीचे तुकडे उकिरड्यावर टाकते. तास दोन तास निघून जातात, आणि ज्या वेळात उपाय होऊ शकला असता तीच वेळ हातची जाते. पुढे पशुवैद्यक आले तरी ‘काय खाल्ले?’ या प्रश्नास उत्तर मिळत नाही.

म्हणून शिक्षकांनी वर्गात स्पष्ट शब्दांत सांगावे की, अशा वेळी खरे सांगणारे मूल शिक्षेस नव्हे तर शाबासकीस पात्र आहे. केवळ सांगून भागणार नाही. शाळेत शाई सांडली, काच फुटली, तर येऊन सांगणाऱ्या मुलाशी शिक्षक कसे वागतात हे मुले रोज पाहत असतात, आणि घरी काय सांगावे व काय लपवावे हे त्यावरूनच ठरवीत असतात. पालकसभेतही हा विषय अवश्य काढावा. ‘कोणी केले?’ हा प्रश्न सायंकाळी विचारता येईल; ‘काय गेले, किती गेले, केव्हा गेले?’ हे मात्र त्याच क्षणी विचारले पाहिजे, आणि ते शांतपणे विचारले तरच उत्तर मिळेल, हे पालकांस पटवून द्यावे.

शाळेची स्वतःची जबाबदारी

शालेय पोषण आहाराच्या वेळी शाळेच्या ओसरीभोवती कुत्री जमतात, हे सर्वांच्या पाहण्यातील आहे. लोहाची गोळी भोजनोत्तर शिक्षकांच्या समक्ष गिळावयाची असते. काही मुलांस ती आवडत नाही. ती मुठीत किंवा खिशात ठेवून नंतर कोपऱ्यात टाकण्याकडे त्यांचा कल असतो. टाकलेली गोळी कुत्र्याच्या किंवा अंगणवाडीतील बालकाच्या तोंडी जाऊ शकते. यास्तव गोळी दिल्यावर प्रत्येक मुलाने पाण्याबरोबर ती गिळली हे पाहावे, वाटपानंतर जमीन झाडून घ्यावी, आणि शिल्लक गोळ्या कुलूपबंद कपाटात मोजून ठेवाव्यात. मुदत संपलेली औषधे उकिरड्यावर टाकू नयेत. ती आरोग्य उपकेंद्रात पोचती करावीत. घरी उरलेल्या औषधांसंबंधी आशा कार्यकर्त्यांचा सल्ला घेण्यास पालकांस सुचवावे.

प्रत्यक्ष कार्य व स्वाध्याय

१. आपल्या घरात औषधे कोठे कोठे ठेवली आहेत ते पाहून वहीत लिहा. कोणती जागा कुत्र्याच्या किंवा लहान भावंडाच्या आवाक्यात आहे? आईवडिलांशी बोलून दुसरी जागा ठरवा. (झाकणाचा पत्र्याचा डबा उंच फळीवर ठेवणे हा सोपा उपाय होय.)

२. पुढील नमुन्याचे पत्रक तयार करून घरी दारामागे लावा : पशुवैद्यकीय दवाखाना – क्रमांक ……, फिरते पशुवैद्यकीय पथक – १९६२, रुग्णवाहिका, माणसासाठी – १०८, शेजारचे मोठे माणूस – ……

३. दोघादोघांनी संभाषण करून दाखवा : एकाने दूरध्वनी करणारा व दुसऱ्याने पशुवैद्यक व्हावे. पाच गोष्टी पाच वाक्यांत सांगता आल्या पाहिजेत.

४. घरी आजीआजोबांस विचारा : पूर्वी गुरांस किंवा कुत्र्यांस विषबाधा झाल्यास गावात काय करीत? आलेली उत्तरे वर्गात वाचा. त्यांपैकी कोणते उपाय आज करू नयेत, याची शिक्षकांच्या साहाय्याने चर्चा करा.

५. लहान भावंडाने औषध गिळल्यास यांपैकी कोणती कामे तशीच करावी लागतील व कोणती बदलतील?

शेवटच्या प्रश्नाची चर्चा पाठ संपण्यापूर्वी करणे अगत्याचे आहे. पट्टी जपणे, गोळ्या मोजणे, वेळ ध्यानात ठेवणे, मनाने काही न पाजणे आणि ताबडतोब सांगणे, या गोष्टी तशाच राहतात. बदलते ते एवढेच की पशुवैद्यकीय दवाखान्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावयाचे व १०८ क्रमांकास कळवावयाचे. या पाठाचा खरा पडताळा वर्गात मिळणार नाही. महिनाभराने शिक्षकांनी सहज चौकशी करावी : किती घरांतील औषधे खुंटीवरून, उशाखालून हलली आणि उंच फळीवरील डब्यात गेली? तो आकडा हजेरीपुस्तकाच्या मागील पानावर टिपून ठेवावा, आणि पुढील वर्षी हा पाठ घेण्यापूर्वी तो पुन्हा पाहावा.